गुन्ह्याचे अंग कुठे आहे?



बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी तालुक्याच्या कृषी कार्यालयात जातो. कापसाचे पैसे बुडवून व्यापारी परागंदा झाला म्हणून ठाण्यात जातो. फवारणी करता करता घरचा माणूस गेला म्हणून दोन्हीकडे हेलपाटे घालतो. तिन्ही वेळा समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो : 'पुरावा काय?' शेतकरी म्हणतो, 'साहेब, वावरात येऊन बघा, सारे काळे रान पडले आहे.' साहेब म्हणतात, 'ते दिसते आहे हो, पण पुरावा काय?' मग आपण सरकारला, साहेबाला आणि नशिबाला शिव्या घालत घरी येतो.

शिव्या घालण्यासारखे पुष्कळ आहे, ते मी नाकारत नाही. पण 'पुरावा काय' हा प्रश्न प्रत्येक वेळी टोलवाटोलवीसाठीच विचारला जातो असे समजून चालणार नाही. फौजदारी कायद्यात या प्रश्नाला नेमका अर्थ आहे. तो कळला नाही तर खरा गुन्हेगार सुटतो आणि आपण हात चोळत बसतो. म्हणून या अंकात भाव, कर्ज आणि वीजबिल बाजूला ठेवून कायद्यातल्या एका शब्दाबद्दल लिहितो आहे.

नुकसान म्हणजे गुन्हा नव्हे

लॅटिन भाषेतला एक जुना शब्दप्रयोग जगभरचे वकील वापरतात : 'कॉर्पस डेलिक्टी'. शब्दशः अर्थ 'गुन्ह्याचा देह'. आपण त्याला गुन्ह्याचे अंग म्हणू. कोणी गुन्हा केला हे ठरवण्याच्या आधी गुन्हा घडला हेच सिद्ध झाले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग, काहीतरी हानी झाली. माणूस मेला, गंजी जळाली, पीक बुडाले. दुसरा भाग, ही हानी कोणाच्या तरी गुन्हेगारी कृत्याने झाली, आपोआप किंवा दैवाने नव्हे. गंजी जळाली हे राखेवरून दिसते. ती कोणी पेटवली, की वीज पडली, की विडीचे थोटूक उडाले, हे राख सांगत नाही. दुसरा भाग सिद्ध झाल्यावरच तिसरा प्रश्न येतो : करणारा कोण?

आपण नेमके उलटे चालतो. सुरुवातच नावाने करतो. 'अमक्या दुकानदाराने मला बुडवले.' नाव आधी, कृत्य नंतर आणि हानीचा तपशील शेवटी, तोही आठवेल तसा. कोर्टात हा क्रम टिकत नाही.

कॅम्डेनचा वसुली कारभारी

हा नियम माणसे कशी शिकली, त्याची एक गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये चिपिंग कॅम्डेन नावाचे गाव आहे. तिथे विल्यम हॅरिसन हा सत्तर वर्षांचा म्हातारा एका जमीनदारणीचा कारभारी होता. १६ ऑगस्ट १६६० रोजी तो शेजारच्या गावी खंडाची वसुली करायला पायी गेला आणि परत आलाच नाही. रस्त्यात त्याची टोपी सापडली, रक्ताने माखलेली गळपट्टी सापडली. प्रेत काही सापडले नाही. त्याचा नोकर जॉन पेरी याला धरून उलटसुलट विचारले, तेव्हा त्याने सांगितले की माझ्या आईने आणि भावाने पैशासाठी म्हाताऱ्याला मारले. १६६१ साली आई आणि दोन्ही मुलगे, तिघांनाही फाशी दिले.

१६६२ साली हॅरिसन चालत घरी आला. मला पळवून नेऊन तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकले होते, असे त्याने सांगितले. ते खरे की खोटे, हा वाद आजवर चालू आहे. पण तीन माणसे न झालेल्या खुनासाठी फासावर गेली, याबद्दल वाद नाही. रक्त होते, कबुली होती, गुन्हेगारही होते. नव्हता तो फक्त गुन्हा. त्याच शतकातले इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहून ठेवले की खून झाल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, निदान प्रेत सापडल्याशिवाय, आपण कोणाला खुनी ठरवणार नाही.

म्हणजे हा नियम सावकाराच्या किंवा कंपनीच्या सोयीसाठी जन्माला आलेला नाही. गरिबाच्या गळ्यात चुकीचा फास पडू नये म्हणून तो आला. खोट्या खटल्यात उभे राहायची पाळी आली की हाच नियम आपलीही ढाल होतो.

प्रेत नसले तरी

मग चोराने प्रेत नदीत फेकले की तो सुटला का? तसेही नाही. १९८१ साली हिमाचल प्रदेशातल्या रामानंद खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रेत सापडलेच पाहिजे असा अटळ नियम नाही. बाकीच्या परिस्थितीवरून खून झाल्याचे निःसंशय सिद्ध होत असेल तर तेवढे पुरे.

त्याआधीचा खटला आपल्या पुण्याचा आहे. १९५६ साली पुण्याच्या एका डॉक्टरने ओळखीच्या श्रीमंत विधवेला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेले. ती बेशुद्धावस्थेत दवाखान्यात दाखल झाली आणि वारली. शवचिकित्सेत विष सापडले नाही. पुढे डॉक्टरने तिच्या नावाने खोटी पत्रे पाठवली, तिने परगावी लग्न केल्याचे भासवले आणि तिची मालमत्ता गिळली. 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' या खटल्यात डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने शिक्षा कायम केली. विष मिळाले नाही तरी साऱ्या घटना एकाला एक जोडून पाहिल्या तर दुसरा अर्थ निघतच नाही, असे कोर्टाने म्हटले.

या दोन खटल्यांतून आपल्या कामाचे एवढेच घ्यायचे : अंग हाती नसेल तर घटनांची साखळी तरी हाती पाहिजे. दोन्ही नसतील तर नुसत्या संतापाने खटला उभा राहत नाही.

बियाण्याचे अंग जमिनीत जाते

आता आपल्या रानात येऊ. बोगस बियाण्याची पंचाईत अशी की त्या गुन्ह्याचे अंग शेतकरी स्वतःच्या हाताने मातीत पुरतो आणि थैली धुऱ्यावर फेकतो किंवा चुलीत घालतो. पंधरा दिवसांनी नांग्या दिसू लागतात तेव्हा हाती काहीच नसते.

तक्रार केली की तपासणीला माणसे येतात, पंचनामा होतो आणि पुष्कळदा शेरा पडतो : 'अपुऱ्या पावसामुळे उगवण कमी.' मी शेतकीचा पदवीधर आहे, म्हणून सांगतो की हा शेरा दर वेळी खोटाच असतो असे नाही. सरकी खोल पडली, पेरणीनंतर जोराचा पाऊस येऊन वरचा थर कडक झाला, किंवा पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर चांगले बियाणेही उगवत नाही. म्हणजे वर सांगितलेला पहिला भाग सिद्ध आहे, रान रिकामे आहे. दुसरा भाग, की हे बियाण्यामुळे झाले, तो आपल्याला उभा करायचा आहे. पाऊस आणि बियाणे यांतला दोषी कोण, ते वेगळे काढले पाहिजे.

ते काढता येते. ज्वारीला आणि संकरित कपाशीला प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७५ टक्के ठरलेली आहे. पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याने किती अंकुरले ते दोन शेजाऱ्यांसमोर मोजा आणि वहीत लिहा. खर्च काही नाही. गोणपाटात ओल कमी पडत नाही, म्हणून पावसाची सबब तिथे चालत नाही. शेजारच्या रानात त्याच दिवशी, त्याच ओलीवर दुसऱ्या लॉटचे बियाणे पेरले असेल आणि ते उगवले असेल, तर तेही लिहून ठेवा. एकाच लॉटचे बियाणे पाच रानांत फसले आणि बाजूचे दुसरे लॉट पाचही ठिकाणी उगवले, तर ही घटनांची साखळी झाली.

त्याहून मोठी गोष्ट दुकानात आहे. त्याच लॉटच्या न विकलेल्या थैल्या हे या गुन्ह्याचे जिवंत अंग. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे बीज निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग करतो. एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक स्वतःकडे राखून. पण दुकानात माल असेल तोवरच हे शक्य आहे. ओरड झाली की उरलेल्या थैल्या परत जातात. म्हणून नांग्या दिसल्याच्या दिवशीच लॉट नंबर लिहून लेखी अर्ज द्या आणि त्यात स्पष्ट मागा : 'या लॉटचा शिल्लक माल सील करून नमुना घ्यावा.' महिनाभराने केलेला अर्ज म्हणजे प्रेत जाळल्यावर केलेली शवचिकित्सा.

ज्याच्याकडे बियाणे उरलेच नाही त्याने अगदी निराश व्हायचे कारण नाही. 'राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी' या आंध्र प्रदेशातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये सांगितले की शेतकरी हा ग्राहक आहे, आणि विकत आणलेले सारे बियाणे तो पेरणारच. प्रयोगशाळेसाठी त्याने बाजूला काढून ठेवले नाही, हा त्याचा दोष धरता येणार नाही. पण हे भरपाईच्या दाव्यापुरते. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते आणि तिथे पारडे कोणाकडे झुकते एवढेच पाहतात. फौजदारीत मात्र रास्त संशयाला जागा उरता कामा नये. तुम्हाला पैसे पाहिजेत की त्याला शिक्षा पाहिजे, हे आधी ठरवा. दोन्ही पाहिजे असेल तर दोन्ही दारे वेगळी ठोठवा.

आणि बिल? जे बियाणे चोरून विकले जाते त्याला बिल नसते. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला सरकारने मंजुरी दिली नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते बियाणे उघडपणे पेरून दाखवले, तेव्हा प्रश्न फक्त तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचा नव्हता. बंदी असली की माल थांबत नाही, बिल थांबते. टॅग नाही, लॉट नाही, पावती नाही. मग त्या नावाखाली कोणी साधी सरकी रंगवून विकली तरी फसलेला शेतकरी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? बंदीने शेतकऱ्याचे रक्षण होते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. बंदीने भामट्याचे रक्षण होते, कारण त्याच्या गुन्ह्याला अंगच राहत नाही.

औषधाची मुदत, खटल्याची मुदत

कीटकनाशकाचे आणखी वेगळे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात विक्रेत्याला किंवा कंपनीला प्रयोगशाळेच्या अहवालावर २८ दिवसांच्या आत हरकत घेऊन नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगण्याचा हक्क आहे. हक्क रास्त आहे. पण खात्याने खटला भरायलाच इतका वेळ लावला की औषधाची मुदत संपली, तर फेरतपासणी निरर्थक होते. हरियाणातल्या अशाच एका प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द ठरवला. गुन्ह्याचे अंग सरकारच्या कपाटात ठेवल्या ठेवल्या कुजले. याला शेतकरी जबाबदार नाही. याचा जाब खात्याला विचारला पाहिजे.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. अशा मृत्यूत विचारायचा प्रश्न पुन्हा तोच : कोणत्या औषधाने? शेतकरी दोन-तीन औषधे एका पंपात मिसळतो, बाटल्या बांधावर पडतात, कपडे धुतले जातात. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे रक्तातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या घटकावर घाला घालतात. लवकर रक्त घेऊन तपासले तर विषबाधेचा पुरावा मिळतो, उशीर झाला की हळूहळू पुसला जातो. म्हणून माणसाला दवाखान्यात नेताना बाटली, तिचे लेबल आणि बॅच नंबर बरोबर न्या. डॉक्टरला उपचारासाठी ते पाहिजेच, कायद्यालाही पाहिजे. आणि रक्ताची ही तपासणी करा, असे तोंडाने मागा. ओळखीच्या माणसाला बरोबर ठेवा, कारण घरच्यांना त्या वेळी सुचत नाही.

मनातले कपट कसे दाखवायचे?

ठाणेदार म्हणतो, 'पैसे दिले नाहीत ना? मग हा दिवाणी मामला.' त्याच्या म्हणण्यात अर्धे खरे असते. पैसे थकवणे हा गुन्हा नाही. फसवणूक हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या ४२० कलमाचा मजकूर ३१८ व्या कलमात गेला. तत्त्व तेच राहिले : व्यवहार केला त्याच वेळी मनात कपट असले पाहिजे. नंतर भाव पडले आणि व्यापारी बुडाला, तर ते कर्ज. सुरुवातीपासूनच बुडवायचे ठरवून माल उचलला, तर ती फसवणूक.

मन कोणाला दिसत नाही. कृत्ये दिसतात. व्यापाऱ्याने एकाच आठवड्यात चाळीस घरचा कापूस उचलला. बाजारापेक्षा चढा भाव बोलला. बंद झालेल्या खात्याचे धनादेश दिले. माल त्याच रात्री दुसरीकडे हलवला. भाड्याचे गोदाम आधीच सोडले होते. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. पाच गोष्टी एकत्र आल्या की मन उघडे पडते. चाळीस जणांनी चाळीस वेगळे अर्ज देऊन 'माझे इतके रुपये बाकी' असे लिहिले, तर ती चाळीस उधाऱ्यांची यादी होते. त्याच चाळीस जणांनी तारखा जुळवून, एका वेळी, एका फिर्यादीला जोडून जबाब दिले, तर कपट सिद्ध व्हायला आधार मिळतो. संघटना म्हणजे नुसता मोर्चा नव्हे, ती अशी जबाबांची जुळणीही आहे.

धनादेश परत आला असेल तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करा. हा रस्ता वेगळा आहे, त्यात कपट सिद्ध करावे लागत नाही.

हीच ढाल आपलीही

रस्ता रोको केला की आपल्यावर कलमे लागतात. त्यात शासकीय कामात अडथळ्याचे जुने ३५३, आताचे १३२ वे कलम हमखास असते. या कलमासाठी सरकारी माणसावर हल्ला किंवा बळाचा वापर झालेला असावा लागतो. घोषणा देणे, प्रश्न विचारणे, निवेदन घ्यायला लावणे म्हणजे हल्ला नव्हे. तेव्हा आपणही विचारायचे : 'गुन्ह्याचे अंग कुठे आहे? कोणी, केव्हा, कोणाला, कसा धक्का दिला?' पण हे विचारण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, जो दुकानदाराविरुद्ध फिर्याद देतानाही तेवढाच काटेकोर असतो.

सभेत ठरवायचे ते

गावागावातल्या शाखेने एक पत्र्याची पेटी आणि एक वही ठेवावी. पेरणी झाली की प्रत्येकाने रिकामी थैली, टॅग, पक्के बिल आणि जमल्यास मूठभर बियाणे नाव लिहून पेटीत टाकावे. वहीत पेरणीची तारीख, पावसाच्या तारखा, लॉट नंबर आणि गोणपाटातली उगवण लिहावी. औषधाच्या बाटलीचा बॅच नंबर फवारणीच्या दिवशीच लिहावा. कापूस विकला की गाडीचा नंबर, वजन, भाव आणि बोलणे झाले तेव्हा हजर असलेल्या दोघांची नावे लिहावीत.

ठाण्यात जाल तेव्हा आधी काय झाले ते सांगा, मग केव्हा आणि कुठे, मग कशामुळे, आणि शेवटी कोणी. फिर्याद तोंडी सांगितली तरी ती लिहून घेऊन, वाचून दाखवून सही घेणे आणि नक्कल फुकट देणे बंधनकारक आहे. घेत नसतील तर तोच मजकूर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

सरकारकडे मागण्या तीन. जिल्ह्यात विकायला आलेल्या प्रत्येक लॉटचा नमुना हंगाम संपेपर्यंत सीलबंद राखून ठेवा. नमुन्याचा अहवाल तक्रारदाराला ठरलेल्या दिवसांत लेखी द्या. आणि अधिकाऱ्याच्या दिरंगाईने नमुन्याची मुदत संपून खटला बुडाला, तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. पुरावा जपण्याचे काम शेतकऱ्यावर टाकायचे आणि पगार निरीक्षकाला द्यायचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

पण मागण्या मान्य होईपर्यंत पेरणी थांबणार नाही. तोवर थैली चुलीत घालू नका.